थेऊरजवळच्या स्टडवर एक महिना: फेब्रुवारीत जा आणि रात्रपाळी मागून घ्या

फेब्रुवारीचा पूर्ण महिना मी आणि माझी एक बॅचमेट पुण्याजवळच्या थेऊरच्या एका स्टड फार्मवर (घोड्यांची पैदास करणाऱ्या फार्मवर) इंटर्नशिपच्या पोस्टिंगला होतो. परत शिरवळला कॉलेजात आल्यापासून ज्युनियर्स विचारतायत कसं जायचं, काय न्यायचं, शिकायला मिळतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. बीव्हीएस्सीच्या (पशुवैद्यकीय पदवीच्या) साडेपाच वर्षांत शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं, त्यात आपला बहुतेक वेळ गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांवर जातो, घोडा बऱ्याच जणांनी पुस्तकातच बघितलेला असतो. माझंही तेच होतं.

जायचं कसं तर शिरवळहून एसटीने स्वारगेट, तिथून हडपसर गाडीतळ आणि गाडीतळावरून थेऊरची पीएमपी बस. चिंतामणीच्या देवळापाशी उतरलात की पुढे रिक्षा, किंवा आधी फोन केला असेल तर फार्मची गाडी येते. संकष्टीच्या दिवशी जाऊ नका, देवळाच्या गर्दीत बॅगा घेऊन फार हाल होतात. वाटेत हडपसरला पूनावालांची लस बनवणारी कंपनी सीरम इन्स्टिट्यूट आहे, तिचा उगमसुद्धा घोड्यांतूनच झालाय हे मला तिकडे गेल्यावर कळलं. पूनावालांचा स्टड 1946 चा, तिथले निवृत्त घोडे धनुर्वाताचं सीरम बनवायला मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, मग आपणच का बनवू नये या विचारातून 1966 ला कंपनी सुरू झाली. धनुर्वाताचा विषय निघालाय तर सांगते, जायच्या आधी स्वतःचं टीटीचं इंजेक्शन घेऊनच जा. तबेल्यात लीद, माती आणि खिळे सगळीकडे असतात.

आता महिना कुठला निवडायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. थरोब्रेडचं (शर्यतीच्या घोड्यांची जात) वय 1 जानेवारीला मोजतात, म्हणजे 31 डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी कागदावर एक वर्षाचं होतं, म्हणून कोणालाच डिसेंबरमध्ये शिंगरू नको असतं. घोडी साधारण 340 दिवस गाभण राहते, त्यामुळे सगळा हिशोब असा लावलेला असतो की शिंगरं नव्या वर्षात जन्मावीत. फेब्रुवारीत घोड्या व्यायतही असतात आणि पुन्हा भरवायचं कामही चालू असतं, दोन्ही एकत्र बघायला मिळतं. पावसाळ्यात गेलात तर कुरण, जंत आणि खुरं एवढंच बघून परत याल, हे माझं स्पष्ट मत आहे.

सकाळ सहाला सुरू होते. आधी टीझिंग, म्हणजे एक टीझर घोडा घोड्यांसमोर आणतात आणि कुठली घोडी शेपटी वर करते, कुठली कान मागे टाकून लाथ झाडते ते वहीत लिहायचं, त्यावरून कुठली माजावर आहे ते कळतं. मग गुदाशयातून हात घालून सोनोग्राफी, म्हणजे स्कॅनिंग. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, नैसर्गिक भरवणं झालं तरच शिंगराची स्टडबुकात (जातीच्या नोंदवहीत) नोंद होते, त्यामुळे बीज नेमकं कधी सुटणार याचा अंदाज बरोबर यावा लागतो, एकेका घोड्याच्या नावावर पुष्कळ घोड्या असतात. भरवल्यावर 14 ते 16 व्या दिवशी जुळं आहे का बघतात आणि असेल तर एक गर्भाची पिशवी तिथेच हाताने दाबून फोडतात, कारण घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात. गाईंमध्ये हात बसलेला असला तरी इथे सांभाळून, घोडीचं गुदाशय फार नाजूक असतं, फाटलं तर जीव जातो. आम्हाला पहिला आठवडा हात घालू दिला नाही आणि ते योग्यच होतं.

पण खरं शिकले ते रात्री. घोड्या बहुतेक रात्रीच वितात, आणि रात्रपाळी इंटर्नना आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. मी पहिल्याच दिवशी फार्मच्या सरांना विचारलं, ते म्हणाले मामांबरोबर बस. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे. चार रात्री काहीच झालं नाही, नुसता चहा आणि थंडी. पाचव्या दिवशी सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले, दुधाचा पीएच 6.4 वर उतरला होता, म्हणजे वेळ जवळ आली होती. रात्री पावणेदोनला घोडी खांद्यावर घामाघूम झाली, फेऱ्या मारायला लागली, पाणी फुटलं. मी पुढे सरकले तसे मामा म्हणाले, ''पोरी, हात मागं घे, तिचं तिला करू दे.'' पांढरी पिशवी, दोन पाय एकामागे एक, त्यावर नाक. वीस मिनिटांत शिंगरू बाहेर. पांढऱ्याऐवजी लाल मखमली पिशवी दिसली तर मात्र थांबायचं नाही, ताबडतोब फाडायची, शिंगराचा प्राणवायू तुटत असतो. नाळ कापायची नाही, घोडी उठली की आपोआप तुटते, मग पातळ क्लोरहेक्सिडीनमध्ये बुडवायची.

एक-दोन-तीन लक्षात ठेवा: एका तासात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. आमचं पंचेचाळीस मिनिटांत उभं राहिलं, चार वेळा पडून. वारेतून शिंगराला प्रतिकारशक्ती मिळत नाही, सगळं चिकावर असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी रक्तातलं आयजीजी (प्रतिपिंडं) तपासतात, 800 मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर हवं. पडलेली वार फरशीवर पसरून बघितली, गर्भाशयाच्या दोन शिंगांत बसणारी तिची दोन्ही टोकं आहेत ना. एक तुकडा आत राहिला तरी घोडीला ताप येऊन पाय धरतात, पुढे लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतला दाह. मामांना लिहिता येत नाही, पण अंधारात वारेचं टोक बोटांनी चाचपून पूर्ण आहे म्हणाले, मग टॉर्च लावून मी मोजून बघितलं तर बरोबर होतं.

न्यायचं सामान: गमबूट एक जोड फक्त तिथेच वापरायचा, दोन एप्रन, हेडटॉर्च, स्वतःचा स्टेथो, कानटोपी, वही (मोबाईल तबेल्यात नेऊ देत नाहीत, फोटो तर अजिबात नाही). अत्तर, बॉडी स्प्रे लावू नका. दुसऱ्या घोड्यांना हात लावून आला असाल, लग्नातला का असेना, तर आधी सांगा, ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. घोड्याच्या मागून जाताना एकतर अंगाला चिकटून जा नाहीतर पार लांबून, अर्धवट अंतर सगळ्यात धोक्याचं. कॉलेजचं पत्र दोन-तीन महिने आधी द्या, एका वेळी दोघातिघांनाच घेतात. मुलींनी राहायची सोय पत्र देतानाच विचारा, आमची नीट होती. स्टायपेंड कॉलेजचाच, फार्मकडून जेवण.

त्या घोडीला नवव्या दिवशी माज आला पण स्कॅनमध्ये गर्भाशयात पाणी दिसलं, म्हणून सरांनी तो माज सोडून दिला. पुढचा यायच्या आत आम्ही निघालो. मार्चच्या बॅचमधलं कोणी जाणार असेल तर तिसऱ्या बरॅकमधली कपाळावर चांदणी असलेली तांबडी घोडी विचारा, आणि भरली की मला कळवा.