बीजगोळे: बहावा, खैर आणि मारवेल गवताची यंदाची नोंद

बीजगोळे म्हणजे मातीत बी मिसळून वळलेले गोळे. त्यांचं प्रमाण नेहमीचंच ठेवलं: बी एक भाग, चाळलेलं कंपोस्ट तीन भाग, चिकणमाती पाच भाग. माती मात्र बदलली. काळी माती वळायला सोपी, पण सुकताना आकसते, भेगा पडतात आणि मुंग्यांना बियांपर्यंत वाट मिळते. तांबडी चिकणमाती तशी तडकत नाही. तिची पेन्सिलीएवढी सुरळी वाकवली तरी तुटली नाही, तेव्हाच ती घेतली.

सगळ्यात जास्त वेळ बहाव्याने घेतला. टरफल इतकं कठीण की पाणी आत शिरतच नाही. गरम पाण्यात भिजवलेलं बी गोळ्यात घातलं तर ते आतच फुगतं, अंकुरतं आणि गोळा सुकला की मरतं. म्हणून कोरड्या बिया सँडपेपरवर एका कडेने घासल्या, तपकिरी टरफलाखालचा फिकट ठिपका दिसेपर्यंतच. घासलेलं बीही ओलावा पटकन ओढतं, त्यामुळे मातीत पाणी कमी, गोळे बोराएवढे आणि सुकवणं सावलीत, पंख्याखाली. निम्म्या बिया मुद्दाम न घासता घातल्या. पहिल्या सरींनंतर मोठी उघडीप पडली तर सगळी रोपं एकदम जाऊ नयेत.

खैर सरळ निघाला. कडुलिंबाचे गोळे केले नाहीत, त्याचं बी काही आठवड्यांतच उगवणक्षमता गमावतं. ताजं बी थेट टोकलेलं बरं. करंजाचंही मोठं बी टोकूनच लावलं.

गोळे भिरकावण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. उघड्या कातळावर पडलेला गोळा पावसाने विरघळतो, बी उघडं पडतं आणि कोवळं मूळ उन्हात वाळतं. जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका न नांगरलेल्या शेतात मातीत गुंडाळलेलं भाताचं बी टाकत, पण वर पेंढाही पसरत. हा पेंढा आपण विसरतो. यंदा प्रत्येक गोळा झुडपाच्या बुडाशी, पाचोळा बाजूला करून, अर्धा मातीत दाबला आणि पाचोळा परत ओढला.

घासलेल्या बहाव्याची रोपं वर आली आहेत, दोन-तीन पानांवर आहेत. न घासलेल्यांच्या जागी अजून काही नाही. तिथे खुणेच्या काड्या तशाच ठेवल्या आहेत, पुढच्या पावसाळ्यातही बघणार.

मारवेलचं बी हलकं, कुसळांचं. मोकळं टाकलं तर वाऱ्याने जातं, म्हणून गोळ्याचा खरा फायदा त्यालाच. ताज्या बियांना काही महिने सुप्तावस्था असते, त्यामुळे गेल्या हंगामातलं बी वापरलं. एका गोळ्यात चिमूटभर पुरे, जास्त झालं तर रोपं एकमेकांनाच दाबतात. यंदाचं बी कापडी पिशवीत भरून ठेवलं आहे.