मधे इंग्रजी नको

एप्रिल, दुसरा रविवार. रात्र.

जपानमधल्या भाषाशाळांचं एप्रिलचं सत्र सुरू झालं. 'तिथं राहिलं की भाषा आपोआप येते' असं निघताना प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच. शाळेत रोज पाऊण-पाऊण तासाच्या चार तासिका. त्यानंतर खोलीवर हिंदी आणि फोनवर मराठी चालू राहिली, तर आपोआप काय येणार?

खरी गंमत व्याकरणात आहे आणि आपली मुलं नेमकी तीच वाया घालवतात. मराठीसारखंच जपानी क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागून. 'तोक्यो नि इकु' म्हणजे तोक्योला जातो, शब्दाला शब्द. मिरु म्हणजे बघणे, ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे. ओकु म्हणजे ठेवणे, कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणे. ताबेते शिमात्ता? खाऊन टाकलं! इंग्रजीतून शिकताना यातल्या प्रत्येकाला वेगळा नियम पाठ करावा लागतो. त्सुनामीतला 'त्सु'सुद्धा आपल्या तोंडात आहे : 'चूक'मधला च, 'चीन'मधला नाही. म्हणून वहीत जपानी वाक्याखाली थेट मराठी लिहावं.

मराठी दगा देते ती ऱ्हस्व-दीर्घात. बोलताना आपण ते फारसं पाळत नाही, तिथं मात्र ओबासान म्हणजे काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी. बोटांवर ठोके मोजावेत : ओ-बा-सा-न चार, ओ-बा-आ-सा-न पाच. शेवटच्या न्‌ला पूर्ण ठोका, हे विसरू नये.

दुसरा खड्डा आदराचा. 'तुम्ही'साठी शब्दकोशात 'आनाता' सापडतं आणि शिक्षकांना तेच ऐकवलं जातं, ते खटकतं. नाव माहीत असेल तर नावापुढे सान, शिक्षकांना सेन्सेइ. तसंच 'ओशिएते आगेमास', म्हणजे 'शिकवून देतो', हे मोठ्यांना म्हटलं की उपकार केल्याचा सूर लागतो.

कामाचं. विद्यार्थ्याला वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला 28 तासच काम करता येतं, त्यामुळे हे तास कुठे खर्चायचे याचा विचार हवा. भांडी घासायच्या कामाला भाषा कमी लागते, म्हणून ते लवकर मिळतं. आणि त्याच कारणानं वर्षभरानंतरही तोंड उघडत नाही. पहिले दोन-तीन महिने ठीक. मग गल्ल्यावर किंवा वाढपाला जायचा आग्रह धरावा.

तोवर सराव कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात. प्रश्न ठरलेले : पिशवी हवी का, गरम करून देऊ का, पॉइंट कार्ड आहे का. 2020च्या जुलैपासून पिशवीला पैसे पडतात, म्हणून पहिला प्रश्न बहुधा येतोच. बोलणं झपाट्याचं आणि अतिआदराचं, पुस्तकात न भेटलेलं. सगळं वाक्य पकडायला जाऊ नये. 'फुकुरो' ऐकलं की पिशवी, 'आतातामे' ऐकलं की गरम. हवं असेल तर 'ओनेगाइ शिमास'. नको असेल तर 'दाइजोबु देस'. याचा पुस्तकी अर्थ 'ठीक आहे', त्यामुळे नवखा माणूस होकारासाठी ते म्हणतो आणि गार डबा घेऊन बाहेर पडतो.