ओझोन जास्त, तरी पानं स्वच्छ

दोन्ही वाफ्यांत घेवड्याचं बी एकाच पिशवीतलं होतं, पेरणीही एकाच वेळची. एक वाफा शहराकडून वारा येतो त्या कोरड्या पठारावर, दुसरा बराच पुढे, दमट खोऱ्याच्या उतारावर. जमिनीलगतच्या हवेतला ओझोन वायू पानांना इजा करतो, आणि त्याचे आकडे पठारावर चढे होते. ४० पीपीबीची (हवेच्या अब्ज भागांत ४० भाग) पातळी तिथे दुपारभर ओलांडलेली असे. त्यामुळे पानांची नोंद घ्यायला निघालो तेव्हा जास्त इजा पठारावरच दिसणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

पठारावरची पानं जवळजवळ स्वच्छ निघाली. खोऱ्यातली मात्र बारीक तांबूस-तपकिरी ठिपक्यांनी भरली होती.

"करपा असेल, मॅडम," मदतनीस म्हणाला. भिंग लावलं. ठिपके फक्त पानाच्या वरच्या बाजूला, शिरा सोडून मधल्या भागात. जुन्या पानांवर दाट, कोवळ्यांवर नाहीत. पानाखाली ना बुरशी, ना कोळी कीड. एका पानाची सावली दुसऱ्यावर पडत होती तेवढा भाग हिरवागार. इतकी स्पष्ट ओझोनची खूण मी क्वचित पाहिली आहे. द्राक्षावरच्या अशाच ठिपक्यांचं कारण ओझोन असल्याचं कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९५८ मध्ये मांडलं होतं.

मग पानाची रंध्रं किती उघडी आहेत ते मोजणारा पोरोमीटर काढला. पठारावर भर दुपारी पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, जवळपास मिटलेली, खोऱ्यात चांगली उघडी. जमीन सुकली आणि हवा कोरडी झाली की झाड पाणी वाचवायला रंध्रं मिटतं, आणि ओझोन आत शिरतो तो याच वाटेने. आत गेल्यावर तो वरच्या थरातल्या हरितपेशी मारतो, म्हणून ठिपके वरच्या बाजूला.

तरीही मला खात्री हवी होती. पठारावरच्या टाकीचा नळ गळत होता, त्या कोपऱ्यातली झाडं पाहिली. बाकी वाफा स्वच्छ आणि नेमक्या त्या ओल्या कोपऱ्यातल्या पानांवर ठिपके! हवा तीच, ऊन तेच, फरक फक्त ओलीचा. त्या कोपऱ्यापाशी मी बराच वेळ बसून राहिले.

यात जागेचा वाटाही मोठा आहे. भर शहरात वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर पुढे सरकताना उन्हात ओझोन पुन्हा तयार होतो. उतारांवर रात्रीही त्याची पातळी फारशी उतरत नाही, कारण त्याला संपवणारा धूर तिथे नसतो. म्हणजे शहरापासून लांब, हिरव्या, ओलसर जागी झाडं सुरक्षित असतील हा समज धोक्याचा आहे.

एओटी४० हे माप दिवसाउजेडी ४० पीपीबीच्या वर गेलेला ओझोन तासागणिक जमवत जातं. ते हवेबद्दल सांगतं. पानाने किती ओझोन घेतला हे त्यात येत नाही. त्यासाठी ओल, आर्द्रता, तापमान आणि प्रकाश धरून काढलेलं माप लागतं.

"मग पाणी कमी द्यायला सांगायचं का?" सहकाऱ्याने परतताना विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. पठारावरची झाडं ठिपक्यांवाचून होती, पण खुरटलेली होती आणि शेंगाही मोजक्याच. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत जात नाही. अहवालात मी एकच मागणी लिहिली: प्रत्येक केंद्रावर ओझोनच्या यंत्राशेजारी मातीची ओल आणि हवेची आर्द्रता मोजणारी उपकरणं बसवा, आणि शक्यतो पुढच्या पेरणीआधी.