खालून बघितलंस का?

गाडी घेऊन जेमतेम 19 दिवस झाले होते. पाटणच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. डांबराचा एक हात मारून त्यावर बारीक खडी पसरलेली, आणि ती दाबायचं काम रोलरऐवजी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टायरांवर सोडून दिलेलं. माझ्यापुढे एक डंपर. ताडपत्री होती म्हणायला, पण मागच्या बाजूने सुटून पदरासारखी फडफडत होती. ओव्हरटेक करू म्हणून मी जरा जवळ गेले आणि ‘टक्’ असा आवाज आला. मोठा नाही. कुणी लांबून टिचकी मारावी तेवढाच. पण पोटात खड्डा पडायचा तो पडलाच.

कोयनानगरला चहाला थांबले तेव्हा पाहिलं. बॉनेटच्या पुढच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. पांढऱ्या रंगात राखाडी ठिपका, आणि त्या राखाडीच्या बरोबर मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत पत्रा. टपरीवरचे दोघेतिघे चहाचे ग्लास घेऊन बघायला आले. आपल्याकडे पडलेल्या माणसापेक्षा खरचटलेल्या गाडीभोवती गर्दी लवकर जमते. एकाने विचारलं, “नवीन दिसतेय?” दुसरा म्हणाला, “लिंबू-मिरची नव्हती का बांधली?” तिसरा काही बोलला नाही, त्याने फक्त बोटाने टवका चाचपून बघितला आणि च्‌ च्‌ केलं. ते सगळ्यात जास्त लागलं.

पर्समध्ये नेलपेंट होतं, मोतिया रंगाचं. तेच लावलं. गुहागरला पोचेपर्यंत बॉनेटवर मोतिया टिकली घेऊन मी कुंभार्ली घाट उतरले.

पुण्याला परत आल्यावर डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांकडे गेले. ते टिकलीकडे बघत राहिले. “ताई, हे काय लावलंत?” मग त्यांनी थिनरच्या बोळ्याने ती पुसली, बारीक पॉलिश पेपरने टवक्याची कड घासली आणि घासता घासता माझी शिकवणी घेतली. कारखान्यात आख्खी बॉडी औषधाच्या हौदात बुडवतात आणि वीज सोडून पहिला थर चढवतात, म्हणजे सांदीकोपऱ्यातही तो जातो. त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा क्लिअर. चार थर. ऐकायला भरभक्कम वाटतं. पण या सगळ्याची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन. मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फार तर त्याहून किंचित जास्त. डोक्यावरचे दोन केस एकावर एक ठेवले की झाली गाडीच्या रंगाची जाडी. सेकंड-हँड गाडी घेताना दलाल जे छोटं यंत्र दारांना टेकवत फिरतात, ते हेच मोजतं. आकडा एकदम चारपाचशेच्या घरात गेला, की समजायचं आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे आणि या दाराचा कधीतरी कुणाशी तरी संबंध आला होता.

“मग खडी थांबवायची कशी?” मी विचारलं.

“थांबवायची नाही. लांब राहायचं,” काका म्हणाले.

हे तेव्हा मला टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं होतं. नंतर पटलं. आपण म्हणतो, दगडाने गाडीला मारलं. खरं तर पुढच्या गाडीच्या टायरने उडवलेला खडा बराचसा वर आणि बाजूला जातो, क्षणभर हवेत असतो, आणि आपणच ताशी 80 च्या वेगाने जाऊन त्याला धडक देतो. दोष निम्मा तरी आपला. वेग दुप्पट केला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे आठवीनववीत पाठ केलेलं सूत्र बॉनेटवर असं उमटून येईल असं वाटलं नव्हतं. शिवाय समोरची पार्टी साधीसुधी नाही. घाटावरची खडी म्हणजे काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. आणि त्याच्यासमोर आपण काय उभं केलंय, तर दोन केस.

त्या महिन्यात मी गाडीला वाचवायचे सगळे उपाय ऐकले. सगळे म्हणजे सगळे. सिरॅमिक कोटिंग विकणाऱ्या मुलाने माझ्यादेखत एका बॉनेटवर पाणी ओतून थेंब कसे अळवाच्या पानावरून पळावेत तसे पळतात ते दाखवलं. फार सुंदर दिसत होतं. पण हा थर असतो इनमीन काही मायक्रॉनचा. तो चिखल, पक्ष्यांची घाण, पाण्याचे डाग यांच्याशी लढतो, खडीपुढे त्याचं काही चालत नाही. मुलाला तसं विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, शाइन बघा ना.” दुसऱ्या दुकानात पीपीएफ. ही पारदर्शक, जाड, रबरासारखी लवचीक फिल्म. जाडी 150 ते 200 मायक्रॉन, म्हणजे रंगाच्या अंगावर रंगाहून जाड अंगरखा. हिचा मूळ शोध हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि दगडगोट्यांपासून वाचवायला लागला, आणि चांगल्या प्रतीच्या फिल्मवर बारीक चरे पडले तर गरम पाण्याने किंवा उन्हाने ते आपोआप भरून येतात. हे मात्र खरोखर काम करतं. पूर्ण गाडीला 90 हजार, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, फक्त बॉनेटची कड आणि आरसे केले तर? तो जरा हिरमुसला, पण ‘होतं’ म्हणाला. मी शेवटी तेवढंच केलं. पुढचा बंपर त्यातून वगळला, कारण बंपर प्लॅस्टिकचा. त्यावर टवका उडाला तर वाईट दिसेल, पण गंजायचा नाही.

आणि एक केलं. ‘अंडरबॉडी करून घ्या मॅडम, कोकणात जाता ना?’ असं ज्याने बरोबर ओळखलं, त्याच्याकडून साडेचार हजारांत खालचं कोटिंग करून घेतलं. गाडी रॅम्पवर चढवली, मी काचेपलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. तासाभरात गाडीचं पोट कोळशासारखं काळं होऊन खाली आलं. रबराच्या जातीचं, जरा खडबडीत, हाताला दबल्यासारखं लागणारं कोटिंग. मुलाने दारांच्या खालच्या कडेलाही उदारपणे हात फिरवला होता. “एक्स्ट्रा मारलंय,” तो म्हणाला. मी त्याला वर 50 रुपये दिले.

आता बाबांकडे येते.

बाबांना कुठलीही वस्तू दाखवा, ते ती उलटी करतात. नवी बादली आणली, उलटी करतात. आंब्याची पेटी दाखवली, तर वरच्या थराकडे ढुंकून न बघता तळाचा आंबा काढतात. माझ्या लग्नात रुखवतातली लाकडी फळी त्यांनी व्याह्यांच्या देखत पालथी करून बघितली होती. त्यामुळे मोतिया टिकली घेऊन मी पहिल्यांदा गुहागरच्या अंगणात गाडी उभी केली, आणि रडव्या चेहऱ्याने बॉनेट दाखवलं, तेव्हा ते चष्मा वर करून एवढंच म्हणाले, “खालून बघितलंस का?”

“खालून काय बघायचं? खडा वर लागलाय.”

“वर एक लागला तो दिसला. खाली किती लागले ते कोण मोजणार?”

हे त्यांचं तत्त्वज्ञान वगैरे नाही. त्यामागे एक भोक आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडे गोल दिव्यांची एक गाडी होती, आमच्याआधी दोन मालकांनी वापरलेली. समुद्र घरापासून नारळाच्या दोन वाड्या सोडून. खारा वारा रात्रंदिवस गाडीच्या पोटाखालून वाहायचा, पावसात चाकं लाल चिखल उडवायची, तो चिखल सांध्यांत बसायचा आणि ओला राहायचा. जिथे खडीने रंग उडवला तिथे लोखंड, ओल आणि मीठ यांची गाठ पडायची. ती तिघं एकत्र आली की कुणाचं ऐकत नाहीत. एक दिवस मी मागच्या सीटवर बसून पायाने रबरी मॅट सरकवली, तर खाली रस्ता. खरोखरचा, पळणारा. रुपयाएवढं भोक होतं. मी आईला हाक न मारता शृंगारतळीपर्यंत त्यातून बघत बसले. डांबर, डांबर, शेण, डांबर, मोरीचा कठडा, पाणी. त्याच्याइतकं मन लावून मी पुढे कुठलंच पडद्यावरचं पाहिलं नसेल. महिन्याभरात भोक बशीएवढं झालं आणि माझी चप्पल त्यातून गेली, तेव्हा कुठे ते बाबांना कळलं. भोक पडल्याचा राग नव्हता त्यांना. तू महिनाभर बघत होतीस आणि बोलली नाहीस, याचा होता. अजून आहे.

पत्रा ठोकून, वेल्डिंग करून भोक बुजवलं. त्यानंतर बाबांनी दर वर्षी मृग लागायच्या आधी गाडीला तेल पाजायचं व्रत घेतलं. गॅरेजमधून जळकं ऑइल डबाभर आणायचं, फडक्यातून गाळायचं, आणि हापूसच्या फवारणीचा जुना पंप घेऊन गाडीखाली शिरायचं. तेवढ्या दिवसापुरती आई त्यांना ओसरीवर येऊ देत नसे. फवारून झालं की खरी गंमत. गाडी मुद्दाम कच्च्या रस्त्यावर दोनदा पळवायची, म्हणजे लाल धुरळा त्या तेलावर बसून थर पक्का होतो. सगळी दुनिया गाडी धूळ लागू नये म्हणून जपते आणि आमच्याकडे धूळ लागावी म्हणून पेट्रोल जाळत.

आता मला कळतं, की जळकं ऑइल चांगलं नाही. त्याने गाडीखालचे रबरी भाग, बुश आणि बूट, फुगतात, जमिनीत मुरलं तर विहिरीची वाट लागते. हे मी बाबांना सांगितलंही. तेव्हा त्यांनी फोन काढून टोरांटोच्या माझ्या मावसभावाने पाठवलेला फोटो दाखवला. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठच टाकतात, आपल्याकडे समुद्राने यायला तरी लागतं. म्हणून तिथले लोक वर्षातून एकदा गाड्या खालून तेलाने फवारून घेतात, रांगा लावून, पैसे मोजून. ते तेल खास त्याच कामासाठी केलेलं असतं, हे मी बाबांना दोनदा समजावलं. ते म्हणाले, “तेलच ना?”

गुहागरच्या किनाऱ्यावर दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे मोठमोठ्या गाड्या घेऊन थेट लाटांत उतरतात, फोटो काढतात, रुततात, ट्रॅक्टरने ओढून काढतात आणि मग हॉटेलवर जाऊन पाइपने गाडीचं टप आणि बॉनेट चकाचक धुतात. बाबा कंपाउंडच्या गडग्यावर बसून हे बघतात. एकदा त्यांनी न राहवून एकाला सांगितलं, “अहो, पाइप खालून मारा, गोडं पाणी खाली हवंय.” तो म्हणाला, “काका, अंडरबॉडी कोटिंग केलंय.” बाबा त्यावर जे हसले, ते मला आठवायला हवं होतं.

कारण या गणपतीत मी पुन्हा गेले. कोटिंग करून वर्ष झालेलं, फिल्मखालचं बॉनेट निष्कलंक. येताना वळणावर कुठेतरी खळ्‌ खळ्‌ असा आवाज येत होता. मी समजले सीटखाली पाण्याची बाटली पडलीय. बाबांनी गाडीतून सामान उतरवायला दार उघडलं, थांबले, दार जरा पुढेमागे हलवलं. खळ्‌ खळ्‌. पुन्हा हलवलं.

“बाटली आहे,” मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून, अर्धं अर्धं करत खाली बसले, मग वाकले, मग माझा फोन मागितला आणि त्याचा टॉर्च दाराच्या खालच्या कडेला धरला. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतं, नेहमीच उतरतं. ते बाहेर जायला कारखान्यातच दाराच्या तळाशी छोटी भोकं ठेवलेली असतात. ती माझ्या साडेचार हजारांनी, आणि वरच्या 50 रुपयांनी, नीट लिंपून टाकली होती. वर्षभराचा पाऊस आत आणि बाहेरून पक्कं सील. गंजाला याहून चांगली खोली भाड्याने मिळाली नसती.

बाबांनी अंगणातल्या हिरांच्या खराट्यातून एक हीर ओढून काढला. टोक दातांनी तोडून चपटं केलं, बोटाने भोकाची जागा शोधली आणि टोचलं. आधी काही नाही. मग काळ्या रबराचा एक पापुद्रा सुटला आणि पाणी आलं. चहाच्या रंगाचं, बारीक धार, थांबत थांबत. गणपतीसाठी नुकत्याच सारवलेल्या अंगणात त्याचा ओघळ तुळशीपर्यंत गेला. आई आतून ओरडली, “काय सांडताय तिथे?”

“साडेचार हजार,” बाबा म्हणाले, आणि खराट्यातून दुसरा हीर ओढून मला दिला. अजून तीन दारं होती.