आमची वाटचाल : बदललेल्या जुन्या मोटारसायकली आणि त्यांचा खरा हिशेब

वर्कशॉपमध्ये येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढा पैसा घातला तर गाडी विकताना तो सुटेल का?" आम्ही पहिल्यापासून सरळ सांगत आलो, की बहुतेक वेळा सुटत नाही. हे ऐकून काही जण उठून जातात. जे बसून राहतात आणि "मग पैसा नेमका कशात जातो ते तरी सांगा" म्हणतात, त्यांच्या भरवशावर आमचा हा छोटा धंदा उभा आहे.

सुरुवात दोघांची. भागीदार इंजिनाचा माणूस, मी लेथ आणि वेल्डिंग सांभाळणारा. कामं सगळी दुरुस्तीची: ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनच्या जुन्या ट्विन (दोन सिलिंडरच्या गाड्या), एनफिल्डच्या सिंगल (एका सिलिंडरच्या). भांडवलातला बराच पैसा आम्ही टॅप, डाय (आटे पाडायची हत्यारं) आणि पाने घेण्यात घातला, याचं ओळखीच्यांना नवल वाटलं होतं. पण या गाड्यांचा पहिला छुपा खर्च आट्यांमध्येच, म्हणजे नट-बोल्टच्या पेचांमध्येच असतो. ब्रिटिश इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेले आटे ५५ अंशांच्या कोनाचे. सायकलच्या धंद्यातून मोटारसायकलीत आलेले बारीक आटे इंचाला २६. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश कारखाने हळूहळू युनिफाइड नावाच्या आट्यांच्या वेगळ्या मापाकडे वळले, त्यामुळे त्या काळातल्या एकाच गाडीत दोन-तीन प्रकारचे आटे सापडतात. त्यात मधल्या एखाद्या मालकाने हाताला लागेल तो मेट्रिक बोल्ट रेटून बसवलेला असतो. अॅल्युमिनियमच्या केसिंगमधला असा खाल्लेला आटा वाचवायचा म्हणजे भोक मोठं करायचं, बुश (धातूची छोटी नळी) बसवायचं, मूळ मापाचा आटा पुन्हा पाडायचा. गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं त्यात काही नसतं, पण तासन् तास जातात आणि ते बिलात येतात.

पुढे कॅफे रेसरची, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला शर्यतीच्या गाडीचं रूप देण्याची, लाट आली. ज्याला त्याला खाली दाबलेलं हँडल, एका माणसाची कुबडवाली सीट आणि लांबट टाकी हवी होती. हा प्रकार आम्हाला मनापासून आवडतो, कारण त्याला खरा इतिहास आहे. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम १९५० मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतींत उतरली आणि त्याच वर्षी जेफ ड्यूक तिच्यावर तिथली सीनियर टीटी शर्यत जिंकला. पुढे हौशी लोकांनी त्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं ट्विन इंजिन बसवलं, तीच ट्रायटन. डेव्ह डेगन्सने बांधलेल्या ट्रायटनवर त्याने आणि रेक्स बुचरने १९६५ मध्ये बार्सिलोनाच्या मोंटजुइक सर्किटवरची २४ तासांची शर्यत जिंकली. म्हणूनच त्या काळात जाणत्या हातांनी बांधलेल्या ट्रायटनला कुणी बिघडवलेली नॉर्टन म्हणत नाही. कुणी बांधली, कधी, कुठल्या भागांतून, याचे कागद असले की तिला स्वतःची किंमत मिळते.

आज केलेल्या बदलाला तो आधार नसतो. आमच्याकडे सर्वाधिक मागणी यायची ती सीटखालची फ्रेम कापून मागे गोल नळी जोडून देण्याची. दिसायला सुरेख दिसतं, यात वाद नाही. पण इंजिन आणि फ्रेमचे नंबर जुळणारी मूळ गाडी असेल, तर त्या एका कापण्याने तिचा बाजारातला वर्गच बदलतो. जाणते खरेदीदार बारकाईने बघतात. ट्रायम्फच्या इंजिनावर नंबर ठोकतात त्या पट्टीवर १९६९ च्या सुमारापासून कंपनीच्या नावाची बारीक नक्षी असते. कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर नक्षीही गेलेली असते आणि भिंग लावलं की लगेच कळतं.

यावरून आमच्या दोघांत बरेच दिवस वाद चालला. भागीदाराचं म्हणणं, गाडी गिऱ्हाइकाची, पैसा त्याचा, आपण नाही म्हणणारे कोण? माझं म्हणणं, गाडी त्याच्यानंतरही कुणाची तरी होणार आहे. शेवटी आम्ही ठरवलं ते असं: नंबर जुळणारी, न कापलेली फ्रेम आमच्याकडे कापायची नाही. ज्याला तेच रूप हवं असेल त्याला आधीच कापलेली, पण कागद साफ असलेली फ्रेम शोधून द्यायची. नाहीतर मूळ फ्रेमला असलेल्याच भोकांत बोल्टने बसेल असा सीटचा वेगळा सांगाडा बनवायचा. उतरवलेला प्रत्येक भाग, मडगार्डच्या कड्यांपासून मूळ नट-बोल्टपर्यंत, चिठ्ठी लावून खोक्यात भरायचा आणि ते खोकं गाडीसोबत द्यायचं. या निर्णयाने त्या हंगामात काम घटलं. पण आज आमच्याकडे लांबून जे लोक येतात ते याच गोष्टीसाठी येतात.

होंडा सीबी ७५० कडे पाहा. १९६९ ची ही चार सिलिंडरची गाडी, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबून चालू होणारी. तिचे चार मूळ सायलेन्सर काढून चारांचा एक करणारा पाइप बसवणं ही वर्षानुवर्षं नेहमीची गोष्ट होती. उतरवलेले सायलेन्सर भंगारात गेले. आता मूळ रूपातली गाडी हवी असणारे तेच सायलेन्सर शोधत फिरतात आणि चांगला संच सापडलाच तर अव्वाच्या सव्वा पैसे मोजतात. बदल वाईट नव्हता. उतरवलेले भाग कुणी जपले नाहीत.

खर्चाचा सगळ्यात मोठा भाग मात्र बाहेरून दिसतच नाही. ट्रायम्फच्या जुन्या ६५० ट्विनमध्ये आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नव्हता, नुसत्या जाळ्या. बारीक कचरा अडवायला क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) आत एक नळी बसवलेली असते. क्रँक फिरला की जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि त्या नळीत साचतात. फ्लायव्हीलचा एक बोल्ट नळीला जागेवर धरून ठेवतो आणि टोकाला पेचाचं बूच असतं, पंच मारून पक्कं केलेलं. हे बूच काढायला इंजिन पूर्ण उघडावं लागतं. आधी पंचाची खूण ड्रिलने काढायची, मग बूच तापवायचं आणि झटक्याने फिरवायचं. आतून निघतो तो दाट काळा गाळ, कधी मेणासारखा, कधी इतका घट्ट की खरवडावा लागतो. नळी भरली की बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, बेअरिंगला तेल पोहोचत नाही. मग जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) ओरखडतात, क्रँक ग्राइंड करून कमी मापाचे शेल (बेअरिंगच्या पातळ वाट्या) घालावे लागतात. टाकीला आरशासारखा रंग असलेली, नवी सीट चढवलेली गाडी कुणी घेऊन आला की आम्ही रंगाबद्दल काही बोलत नाही. या नळीबद्दल विचारतो. ती कधी साफ केली, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करावा.

काही बदलांची शिफारस आम्ही बिनदिक्कत करतो. ६ व्होल्टची गाडी १२ व्होल्टवर नेणं, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, तेलाच्या परतीच्या नळीवर फिल्टर, शिसं नसलेल्या पेट्रोलला टिकणाऱ्या कडक व्हॉल्व्ह सीट. अमल कंपनीच्या कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरमध्ये बॉडी आणि स्लाइड (आतली सरकती झडप) दोन्ही मऊ मिश्रधातूचे, एकमेकांवर घासून झिजतात आणि इंजिन आयडलला धरत नाही. तिथे कडक केलेली अॅल्युमिनियमची स्लाइड घातली की फरक लगेच जाणवतो. या बदलांनी विक्रीची किंमत फारशी वाढत नाही, पण गाडी रस्त्यात उभी राहत नाही. आणि व्हॉल्व्ह सीट सोडल्या तर यातलं सगळं परत उतरवता येतं.

टाकीचा विषय वेगळा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या फायबरच्या टाक्या आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये टिकत नाहीत. रेझिन मऊ पडतं, चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे आम्ही अॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून टाक्या बनवू लागलो. एका टाकीत पत्रा वळवणं, वेल्डिंग, घासणं आणि दाबाखाली गळती तपासणं एवढं सगळं येतं, म्हणून ती महाग पडते. स्वस्तात करून देतो असं कुणी म्हटलं तर आधी गळती कशी तपासतात ते विचारा.

विम्याकडेही लोकांचं दुर्लक्ष होतं. बदललेल्या गाडीला ठरीव बाजारभाव नसतो, म्हणून शक्य असेल तिथे किंमत आधी लेखी ठरवून घेणारा विमा घ्यावा आणि केलेला प्रत्येक बदल कळवावा. फिवा ही ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना वाहन किमान ३० वर्षं जुनं आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेलं असावं असं मानते. ज्याला पुढे कधी तसा दाखला हवा असेल त्याने काम सुरू होण्याआधीच सांगावं, कारण मग आमची कामाची पद्धतच बदलते.

आता आम्ही प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक दोन टप्प्यांत देतो. पहिलं फक्त गाडी उघडून तपासण्याचं. आत काय निघालं त्याचे फोटो आणि मोजमापं मालकाच्या हातात दिल्यावर दुसरं. मधल्या टप्प्यावर काम थांबवून गाडी परत न्यायची त्याला पूर्ण मुभा असते आणि काही जण नेतातही. सोबत फाइल देतो: बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) माप, क्रँकचं माप, कुठला शेल घातला, कुठला भाग मूळ, कुठला नवा, कुठला आमच्या लेथवर बनलेला. भागीदार अलीकडे म्हणतो, की विकताना गिऱ्हाईक गाडीपेक्षा ती फाइलच जास्त वेळ चाळतं. सध्या दोन नवी मुलं आमच्याकडे शिकताहेत. त्यांच्या हाती आम्ही आधी मोजमापाची वही देतो, पाने त्यानंतर.