प्रवाहाच्या वर टाकलेला स्पिनर

पहिली दोन वर्षे माझा असा ठाम समज होता की, ओढ्यातला ट्राउट मासा लागत नसेल तर दोष लूरचा, म्हणजे तंगुसाला बांधलेल्या बनावट भक्ष्याचा, असतो. त्यामुळे माझी डबी फुगत गेली. चंदेरी पात्याचे स्पिनर (ओढले की ज्यांचे पाते दांडीभोवती फिरते ते लूर), पितळी पात्याचे स्पिनर, ठिपक्यांचे चमचे (चमच्याच्या आकाराचे धातूचे लूर), लहान माशाच्या आकाराचे लाकडी लूर असे सगळे तिच्यात जमत होते, आणि दर दहा मिनिटांनी एक काढून दुसरा बांधण्यात अर्धी सकाळ निघून जात असे. एके दिवशी धोंड्यावर ठेवलेली ती डबी पाण्यात घसरली. तिच्यामागे धावत मी डोहाच्या खालच्या तोंडापर्यंत गेले, डबी पुढच्या खळाळात दिसेनाशी झाली आणि माझ्याजवळ तंगुसाला बांधलेला एकच स्पिनर उरला. परत वर चढून जाण्याचा कंटाळा आला म्हणून मी तिथूनच, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने, तो फेकला. त्या डोहात दोन वर्षांत मला एकही मासा लागला नव्हता. त्या सकाळी दोन लागले.

यात नशिबाचा भाग असेलही, पण मुख्य कारण ट्राउटच्या उभे राहण्याच्या पद्धतीत आहे. वाहत्या पाण्यात तो तोंड प्रवाहाकडे करून स्थिर राहतो, कारण त्याचे अन्न वाहत त्याच्याकडे येते आणि त्या स्थितीत कमीत कमी श्रमात जागा धरता येते. मुख्य धारेत तो फारसा थांबत नाही. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे भेटते त्या सांध्यावर, धोंड्याच्या मागच्या आडोशाला, कधी धोंड्याच्या पुढच्या बाजूला पाणी दबून मंदावते तिथे, किंवा पोखरलेल्या काठाच्या कपारीत त्याचे ठाणे असते. वरच्या अंगाला उभे राहून मी दोन वर्षे त्याच्या डोळ्यांसमोर हातवारे करत होते. खालून गेल्यास आपण त्याच्या पाठीशी येतो.

पाण्याखालून बाहेर पाहण्याचीही एक मर्यादा असते. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे माशाला वरचे सगळे जग सुमारे 97 अंशांच्या शंकूतून, म्हणजे डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते, आणि पाण्याच्या पातळीलगतच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला चेपल्या जातात. म्हणून वाकून किंवा गुडघ्यावर बसून फेकणाऱ्याला मासा जवळ असूनही सहसा पाहत नाही. माझ्या पॅन्टचे गुडघे याची साक्ष देतील.

खालून वर फेकण्यात खरी अडचण वेगाची आहे. स्पिनरचे पाते पाण्याशी असलेल्या सापेक्ष वेगावर फिरते, जमिनीशी असलेल्या वेगावर नाही. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर वेगाने तुमच्याकडे येत असेल, तर स्पिनर त्याच वेगाने ओढल्यास पाते अजिबात फिरत नाही. तो पाण्याबरोबर वाहणारा धातूचा तुकडा असतो आणि लवकरच तळाच्या दगडांत अडकतो. लहान रीलच्या मुठीच्या एका फेऱ्यात साधारण 60 ते 70 सेंटिमीटर तंगूस गुंडाळला जातो, म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण फेरा नुसता ढिलेपणा काढण्यातच खर्च होतो आणि पाते फिरवण्यासाठी त्याहून अधिक गतीने मूठ फिरवावी लागते. हे आकडे मी नंतर कागदावर मांडले. पाण्यात उभे असताना मोजायचे काही नसते, रॉडच्या टोकाला पात्याची बारीक थरथर जाणवते की नाही एवढेच पाहायचे असते. थरथर थांबली की मूठ वेगाने फिरवायची, आणि स्पिनर संथ पाण्यात शिरला की लगेच मंदावायचे. एकाच फेकीत हा वेग तीन-चार वेळा बदलावा लागतो. मला वाटते की या मासेमारीतले निम्मे कौशल्य एवढ्यातच आहे.

वरून खाली फेकल्यास उलटे घडते. प्रवाहच पाते फिरवतो, स्पिनर वर उचलला जाऊन पृष्ठभागाजवळ येतो आणि एका जागी लटकून राहतो. जोरदार धारेत एका जागी तरंगत चमकणारे भक्ष्य माशाने क्वचितच पाहिलेले असते. आडव्या फेकीत मधली धार तंगुसाला पोट काढते आणि त्या पोटाच्या ओढीने स्पिनर भलत्याच वेगाने पळतो. अशा वेळी रॉड उंच धरून शक्य तितका तंगूस पाण्याबाहेर ठेवावा.

स्पिनर माशाच्या डोक्यावर टाकू नये. त्याचे ठाणे जिथे असावे असे वाटते त्याच्या एक-दोन मीटर वरच्या अंगाला आणि थोडा पलीकडे तो पडावा, म्हणजे माशापर्यंत येईतो पाते फिरू लागलेले असते. स्पिनर पाण्याला टेकण्याच्या क्षणी बोटाने तंगूस किंचित रोखला की तो ताठ राहतो आणि पाते पहिल्याच हातभरात फिरू लागते. डोहाची सुरुवात नेहमी खालच्या टोकापासून करावी, कारण वरचा मासा आधी लागला तर तो धडपडत खाली येतो आणि बाकीच्यांना सावध करतो. एका ठाण्यावर पहिल्या दोन-तीन फेकींत काही झाले नाही, तर मी पुढे सरकते.

लूरच्या निवडीला माझ्या लेखी आता दुय्यम स्थान आहे, पण ती निरर्थक नाही. रुंद पाते दांडीपासून दूर फिरते, पाण्याला अधिक अडवते आणि म्हणून संथ पाण्यातही हळू ओढता येते. अरुंद पाते दांडीलगत फिरते, कमी उचलले जाते आणि वेगवान धारेत उपयोगी पडते. खोल डोहाच्या तळापर्यंत पोहोचायचे असेल तर जड चमचा बरा, कारण तो पडतानाही डुलतो आणि अनेकदा मासा त्या पडण्यावरच झडप घालतो. चमच्याच्या लूरचे पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल यांनी 1852 मध्ये घेतले होते, म्हणजे ही युक्ती काही नवी नाही. मेप्स हा स्पिनर 1938 मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे म्यूलनार यांनी तयार केला.

खालच्या दिशेने फेकण्याच्या माझ्या विरोधाला एक अपवाद मात्र ठेवावा लागतो, आणि तो तरंगणाऱ्या माशाच्या आकाराच्या लूरचा. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी 1936 मध्ये बुचाचे लाकूड कोरून, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळून असा पहिला लूर बनवला, आणि त्याचे डुलणे जखमी माशासारखे होते. झुकलेल्या फांद्यांखाली जिथे फेकणे अशक्य असते तिथे हा लूर वरून वाहू द्यायचा, हवे तिथे तंगूस रोखायचा आणि मग हळूहळू ओढायचा.

रंगांविषयी लोक तासन् तास वाद घालतात. गढूळ पाण्यात उजळ पितळी, स्वच्छ पाण्यात मंद, यापलीकडे मला काही उमगलेले नाही. लूरचे वजन दोन ते चार ग्रॅम, तंगूस 4 ते 6 पौंडांचा ताण सोसणारा आणि रॉड पाच-सहा फुटांचा, एवढ्यावर लहान ओढ्यातले जवळजवळ सर्व काम भागते. स्पिनरमुळे तंगुसाला पीळ पडतो. लहान स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी जोडकडी, लावली की तो त्रास बराच कमी होतो.

तिहेरी गळ मी काढून टाकले आहेत. त्यांच्या जागी एकेरी गळ लावून त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबला की मासा पाण्यातच, हात न लावताही सोडता येतो. हात लावावाच लागला तर तो आधी ओला करावा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो.

रॉडबरोबर आता एक लहान थर्मामीटरही असतो. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 20 अंशांना तो 9 च्या आसपास उतरतो, आणि नेमका त्याच वेळी माशाच्या शरीराला अधिक प्राणवायू लागत असतो. दमवलेला ट्राउट अशा पाण्यात सोडला तर तो पोहत जाताना दिसतो आणि नंतर मरू शकतो. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी पारा 21 वर होता, सांध्यावर दोन मासे स्पष्ट दिसत होते. मी रॉड पिशवीतून बाहेर काढलाच नाही, काठावर बसून ते तोंड वर करून काय काय टिपतात ते पाहत राहिले.