पट्टा पळतो तेव्हा: खडी क्रशरवरचा माझा पहिला पावसाळा

वाघोलीजवळच्या एका खडी क्रशरवर कन्व्हेअर, म्हणजे माल वाहून नेणारे पट्टे, चालवायला लागलो. पहिला आठवडा नुसता यंत्रं चालू-बंद करायचा क्रम पाठ करण्यात गेला. आधी भोंगा. मग ढिगावर खडी टाकणारा शेवटचा पट्टा, तिथून उलटं मागे येत चाळणी, क्रशर आणि सगळ्यांत शेवटी क्रशरला दगड पुरवणारा फीडर. बंद करताना फीडर आधी. क्रम चुकला की थांबलेल्या पट्ट्यावर माल साचतो आणि मग फावडं घेऊन उपसत बसायचं.

खरी परीक्षा झाली मृगाच्या पहिल्या पावसात. २० मिमी खडीचा पट्टा डावीकडे पळू लागला. कड फ्रेमला घासून धागे लोंबायला लागले. मी शेपटाच्या, म्हणजे पट्ट्याच्या मागच्या टोकाच्या, पुलीचा डावा बोल्ट ताणला. सरळ झाला, पण अर्ध्या तासात पुन्हा तेच. पुन्हा ताणला. संध्याकाळपर्यंत रिकामा पट्टा उजवीकडे आणि भरलेला डावीकडे धावत होता.

आमचे जुने ऑपरेटर काका आले, म्हणाले, "बोल्टचा नाद सोड. खाली वाकून परतीचे रोलर बघ आधी." म्हणजे रिकामा पट्टा खालून मागे येतो, त्याला धरणारे रोलर.

मेन स्विच बंद करून कुलूप घातलं, चावी माझ्याच खिशात. वाकून पाहिलं तर काळ्या दगडाची ओली भुकटी रोलरच्या एका टोकाला थापून कडक झालेली. रोलरच एकीकडे जाड, मग पट्टा सरळ कसा राहणार? भुकटी खरवडली. ती तिथवर येत होती, कारण पट्ट्याला चिकटलेला माल खरवडणाऱ्या स्क्रेपरचं रबर झिजलं होतं. ते बदललं, बोल्ट पूर्वीच्या मापावर आणले. उरलेला फरक परतीचा एक रोलर किंचित सरकवून काढला. पट्टा रोलरच्या ज्या टोकाला आधी टेकतो, तिकडे सरकतो. प्रत्येक बदलानंतर तीन-चार फेऱ्या होऊ द्यायच्या, हे मात्र काकांनी मला हात धरून शिकवलं.

चालू पट्ट्याखाली पहार घालून भुकटी काढणारे मी पाहिलेत. पट्टा सेकंदाला दीड मीटर धावत असेल, तर दचकून हात मागे घ्यायला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदात तो पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. पहार अडकली की हातही रोलरपाशी ओढला जातो. पट्टा थांबवणारी इमर्जन्सीची दोरी ओढायला तेव्हा दुसरा हात मोकळा असेलच असं नाही. फिरत्या यंत्राला जाळी हवी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं. आमच्या शेपटाच्या पुलीची काढून ठेवलेली जाळी त्याच आठवड्यात आम्ही परत बसवून घेतली.

यंदा मृग लागायच्या आधीच सगळ्या स्क्रेपरची रबरं बदलून झाली आहेत.